दुखणे उलटू नये म्हणून : ग्वाल्हेरच्या आरोग्यशाळेच्या निमित्ताने

ग्वाल्हेरचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शिंद्यांचे लष्कर, तो प्रचंड किल्ला आणि तानसेनाची समाधी उभी राहते. परंतु ह्याच नगरीत आणखी एक जुनी संस्था आहे, जिचे नाव लोक दबल्या आवाजात घेतात. ती म्हणजे संस्थानी काळापासून चालत आलेली ग्वाल्हेर मानसिक आरोग्यशाळा. सामान्य जन तिला ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणतात. पण ‘आरोग्यशाळा’ हे तिचे खरे नावच अधिक अर्थपूर्ण आहे. आरोग्य ही एकदा मिळून संपणारी वस्तू नसून शिकावयाची आणि सांभाळावयाची गोष्ट आहे, हे त्या नावातून सुचते. छिन्नमनस्कता, अर्थात स्किझोफ्रेनिया, ह्या व्याधीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हाच धडा देतो.

आरंभीचा काळ कोंडवाड्याचा होता. आग्र्याचे मनोरुग्णालय १८५९ मधले, ठाण्याचे १९०१ मधले. १९१२ च्या कायद्याचे तर नावच ‘इंडियन लूनसी ॲक्ट’ असे होते. रोग्यापासून समाजाचे रक्षण करणे हा ह्या व्यवस्थेचा मुख्य हेतू होता. रोग्याला बरे करण्याचा विचार त्यानंतर येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन वैद्य क्रेपेलिन ह्यांनी ह्या व्याधीला ‘अकाली बुद्धिक्षय’ अशा अर्थाचे नाव दिले. १९०८ मध्ये स्विस वैद्य ब्लॉयलर ह्यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव सुचविले आणि प्रत्येक रोग्याचा ऱ्हासच होतो असे नाही, हे दाखवून दिले. पण हाती प्रभावी औषध नव्हते. कोणी आपोआप सावरे, कोणी पुन्हा परत येई आणि पुष्कळांचे आयुष्य भिंतीआडच सरे.

ह्या अंधारात पहिला किरण आपल्याच भूमीतून आला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी उन्मादावर आणि रक्तदाबावर सर्पगंधा ह्या वनस्पतीच्या उपयोगासंबंधी लेख प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याच वर्षी पॅरिस येथे डिले व डेनिकर ह्यांनी क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले आणि वर्षानुवर्षांची कुलुपे उघडू लागली. १९५८ मध्ये बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल सिद्ध झाले. भ्रम आणि कानी पडणारे नसलेले आवाज आता काही आठवड्यांत शमू लागले.

तथापि येथूनच एक नवा प्रश्न उभा राहिला. बरा झालेला तरुण घरी येतो, जेवूखाऊ लागतो, कामाला जातो. घरच्यांना वाटते, संकट टळले. आता ह्या गोळ्या कशाला? औषध थांबते. आठवडे जातात, कधी महिनेही जातात. काहीच घडत नाही. ‘पाहा, औषधावाचून बरा आहे!’ असे समाधान वाटते आणि मग दुखणे उलटते. ही मधली शांतताच मोठी फसवी असते. कारण औषध मेंदूतील डोपामिन ह्या द्रव्याच्या संदेशांना आवर घालते. रोगाची प्रवृत्ती ते मुळासकट उपटीत नाही. बांध फोडताच शेत बुडत नाही. पाणी चढावयास वेळ लागतो, इतकेच.

ह्या विषयीचे पुरावे आता भरपूर आहेत. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयाने पहिल्या झटक्यातून सावरलेल्या रोग्यांचा पाठपुरावा करून १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. पाच वर्षांत सुमारे ८२ टक्के रोग्यांचे दुखणे निदान एकदा उलटले होते आणि औषध सोडल्याने हा धोका जवळजवळ पाचपट वाढला होता. हाँगकाँगमध्ये पहिल्या झटक्यानंतर निदान एक वर्ष औषध घेऊन उत्तम सावरलेल्या १७८ जणांचे दोन गट करण्यात आले. पुढील वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी ४१ टक्क्यांचे, तर नकली गोळी दिलेल्यांपैकी ७९ टक्क्यांचे दुखणे उलटले. दहा वर्षांनंतर पाहता पहिल्या गटातील २१ टक्के आणि दुसऱ्यातील ३९ टक्के रोग्यांची अवस्था वाईट आढळली. एका वर्षाच्या खंडाची छाया दहा वर्षांवर पडली, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

मग आपल्या समाजाचे बळ कशात आहे? ग्वाल्हेरहून जवळच असलेल्या आग्र्याला जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकात नऊ देशांतील स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात स्थान दिले होते. आग्र्याच्या रोग्यांची पुढील वाटचाल अनेक श्रीमंत देशांतील रोग्यांहून चांगली दिसली. कुटुंबाचा आधार हे एक कारण सुचविले गेले; त्यावर पुढे वादही झाले. परंतु घरातील सततची टोचणी व टीका दुखणे उलटण्यास हातभार लावते, हे इतर अभ्यासांतून वारंवार दिसले आहे.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे अशा प्रसंगी प्रथम देवस्थानाकडे धाव घेतात. ह्याचा उपहास करण्याचे कारण नाही. तामिळनाडूतील एका मंदिरात आश्रयास आलेल्या ३१ मनोरुग्णांचे निरीक्षण २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील काही आठवड्यांच्या वास्तव्यात त्यांची लक्षणे सुमारे एक पंचमांशाने कमी झाली होती. शांत आणि आपुलकीचा आसरा किती मोलाचा असतो, हे ह्यावरून कळते. पण हा हिशेब काही आठवड्यांचा आहे आणि येथे प्रश्न वर्षांचा आहे. नवस फेडावा, तीर्थ घ्यावे. मात्र त्या तीर्थाबरोबर गोळीही घेतली जावी. देवाने गुण दिला म्हणून औषध टाकणे ही श्रद्धा नव्हे, ती घाई होय.

घराने हात सोडला की काय होते, हेही ग्वाल्हेरने पाहिले आहे. अशा संस्थांतील दुःस्थिती न्यायालयापर्यंत गेली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा व ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपविले. केवळ कुटुंब स्वीकारीत नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. दुखणे पुन्हा उद्भवल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, हे रोग्याने बरे असताना लिहून ठेवावे, अशीही सोय त्यात आहे. ती फार थोडे लोक वापरतात.

औषधाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वजन वाढणे, साखर वाढणे, हात कापणे, सुस्ती येणे ही दुःखे खरी आहेत. काहींचे दुखणे औषधावाचूनही उलटत नाही. पण ते भाग्यवान कोण, हे आधी ओळखता येत नाही. हॉलंडमधील एका अभ्यासात औषध कमी केलेल्यांचे दुखणे आरंभी अधिक उलटले, तरी सात वर्षांनी त्यांच्यापैकी अधिक जण कामाधामाला लागून पूर्ण सावरलेले आढळले. म्हणून मात्रा कायमची तीच राहावी असे नव्हे. पहिल्या झटक्यानंतर निदान एक ते दोन वर्षे औषध चालवावे आणि पुढे कमी करावयाचे ते वैद्याच्या नजरेखाली, हळूहळू, असा सर्वसाधारण सल्ला आहे. रोजची गोळी नकोशी झाल्यास काही आठवड्यांनी एकदा घ्यावयाची इंजेक्शनेही आहेत. झोप उडणे, एकलकोंडेपणा, संशय ही परतीची पावले दिसताच विनाविलंब वैद्याकडे जावे.

पूर्वी ह्या व्याधीचे भवितव्य आरोग्यशाळेच्या फाटकावर ठरत असे. आज ते पुष्कळ अंशी आपल्या स्वयंपाकघरात ठरते, जेथे रात्रीच्या जेवणानंतर कोणी तरी पाण्याचा पेला पुढे करून, आवाज न चढविता, ‘गोळी घेतलीस ना?’ असे विचारते.