दिसायला तोच, वागायला वेगळा

मागच्या महिन्यात पाठीवरचा एक तीळ काढून घेतला. "बहुतेक काही नसणार, पण बायॉप्सीला पाठवू," डॉक्टर म्हणाल्या. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत कोड कमी लिहिला आणि तिळांचा इतिहास जास्त वाचला. त्यातच सोफी स्पिट्झ यांची ओळख झाली.

मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. भलताच जहाल. न्यू यॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या पॅथॉलॉजिस्ट स्पिट्झबाईंनी १९४८ साली लहान मुलांच्या १३ मेलानोमांवर लेख लिहिला. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठी मोठ्यांच्या मेलानोमासारख्याच दिसत. पण १३ पैकी दगावलं एकच मूल! बाईंनी पुन्हा काचपट्ट्या तपासल्या, बऱ्याच गाठींत वेगळ्या, अवाढव्य पेशी आहेत हे टिपलं आणि 'हा प्रकार वेगळा वागतो' असं मांडलं. पुढे कळलं, यातल्या बहुतेक गाठी मुळात कॅन्सर नव्हत्याच. आज त्यांना 'स्पिट्झ नीव्हस' म्हणतात. बाई स्वतः मात्र १९५६ मधे कॅन्सरनेच गेल्या, अवघ्या ४६ व्या वर्षी.

आमच्या टेस्टिंगमधे 'फॉल्स पॉझिटिव्ह' आला तर फार तर एक रात्र वाया जाते. इथे चुकीच्या नावापायी एखाद्या पोराची विनाकारण मोठी शस्त्रक्रिया व्हायची. आणि उलटी चूक झाली तर जीवच जायचा.

मग न कापता आत डोकावायचं कसं? त्वचेवर तेलाचा थेंब आणि वर काच ठेवली की पृष्ठभागाची चकाकी जाते, आणि भिंगातून खालचा रंग दिसतो. हीच डर्मोस्कोपी. १९७१ मधे स्कॉटलंडच्या रोना मॅकी यांनी मेलानोमा ओळखायला ती वापरली. १९८७ मधे व्हिएन्नाच्या पेहाम्बर्गर आणि सहकाऱ्यांनी रंगाच्या जाळ्या, ठिपके, रेघा यांची रीतसर पद्धत बसवली. स्पिट्झ नीव्हस तर कधीकधी चक्क फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो! पण मोठ्या माणसात अशी चांदणी दिसली, तर डॉक्टर ती आजही काढूनच तपासतात. कारण मेलानोमाही तिची हुबेहूब नक्कल करतो.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला: साधा तीळ. मी तो दोनदा वाचला. आईला फोन केला आणि मग त्या १३ मुलांची आठवण झाली. त्यातली बारा आपापली मोठी होत राहिली, म्हणून तर कुणाला तरी काचपट्टी पुन्हा बघावीशी वाटली.

असो. तुमचा एखादा तीळ हल्ली रंग-आकार बदलत असेल, तर गूगल बंद करा आणि डॉक्टरला दाखवा.