झोळी, तबकडी आणि हिशेब

आपत्ती कोसळली की आपल्याकडे गाणारा पुढे होतो आणि झोळी फिरते. शाहिराच्या डफापासून निघालेली ही वाट पुढे ध्वनिमुद्रिकेपर्यंत गेली. तिचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे ठेवायचा आहे. आम्ही संगीताचे जाणकार नव्हे. केज तालुक्यातील ऊसतोड कामगारांत संघटनेचे काम करीत आलो. उचलीचा हिशेब ज्याने स्वतः लिहून ठेवला नाही, त्याच्या हाती हंगामाअखेर काय उरते, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून गाणे ऐकतानाही आम्ही पावती विचारतो.

१९४२ च्या ऑक्टोबरात बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्यावर चक्रीवादळ आले. भाताचे पीक गेले. युद्धकाळची महागाई व परक्या सरकारची बेपर्वाई यांची त्यात भर पडली आणि १९४३ साली लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. तेव्हा भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे इप्टाची, पथके गात फिरली व त्यांनी निधी जमविला. आपल्या अण्णाभाऊ साठ्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. अशा सभेत गाणारा व देणारा समोरासमोर असतात. झोळीत काय पडले, ते चारचौघे पाहतात.

तबकडीने हे अंतर वाढविले. नोव्हेंबर १९७० मध्ये त्याच बंगालच्या पूर्व भागात चक्रीवादळाने लाखो बळी घेतले. पाठोपाठ १९७१ चे युद्ध व निर्वासितांचे लोंढे आले. पंडित रविशंकरांनी आपले मित्र, बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन, यांना गळ घातली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दोन मैफली झाल्या. रविशंकरांची सतार, अली अकबर खाँसाहेबांचा सरोद व अल्लारखाँचा तबला यांनी आरंभ झाला. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले. मग तीन तबकड्यांचा संच निघाला व जगभर खपला. परंतु कार्यक्रमापूर्वी युनिसेफच्या नावे रीतसर नोंद झालेली नव्हती. अमेरिकेच्या करखात्याने करमाफी नाकारली, आणि संचाचे लक्षावधी डॉलर वर्षानुवर्षे अडकून पडले. देणाऱ्याने दिले होते, गाणाऱ्याने गायिले होते. उणीव होती ती एका कागदाची.

पुढच्यांनी त्यातून धडा घेतला. इथिओपियाच्या दुष्काळासाठी १९८४ च्या अखेरीस बॉब गेल्डॉफ यांनी इंग्लंडात ध्वनिमुद्रिका काढली व पैशासाठी स्वतंत्र विश्वस्त निधी उभारला. ब्रिटिश सरकार विक्रीवरील कर सोडीना. गेल्डॉफ जाहीरपणे भांडले, तेव्हा कराइतकी रक्कम सरकारला परत द्यावी लागली. संघटित आवाजापुढे सरकार नमते, हे आम्हा कामगारांना नवे नाही.

हा इतिहास आपल्याला दूरचा वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारी-सास्तूर परिसर कोसळला. दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. अशा घडीला आपण रक्कम मोजून देत नाही, आणि तसे देऊही नये. मात्र पैसा कोणाच्या नावे जमा होतो, तो वाटणार कोण, आणि हिशेब कोणत्या दिवशी वाचला जाणार, हे तीन प्रश्न देतानाच विचारावेत. त्यात दात्याचा संशय नाही. ज्याचे छप्पर गेले, त्या माणसाचा तो हक्क आहे.