बिरसीची धावपट्टी : बांधली १९४० मध्ये, प्रवाशाला मिळाली २०२२ मध्ये

१/ गोंदियाहून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे ५०० किमी. रस्त्याने मात्र तो पूर्ण दिवसाचा प्रवास ठरतो.

२/ गोंदियाचे पहिले मोठे अंतर रेल्वेने मिटवले. १८८० च्या दशकातील नागपूर–छत्तीसगड हा मीटरगेज मार्ग पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ब्रॉडगेज केला आणि गोंदिया मुंबई–हावडा मार्गावर आले.

३/ आकाशमार्गाची सोयही जुनीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी शहराजवळील बिरसी येथे धावपट्टी बांधली. युद्ध संपले, धावपट्टी उरली. एकविसाव्या शतकात तेथे वैमानिक घडू लागले. सामान्य प्रवाशासाठी मात्र तिकीट नव्हते.

४/ मार्च २०२२ मध्ये इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा सुरू झाली आणि काही महिन्यांतच थांबली. १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबाद व तिरुपतीकडे पुन्हा उड्डाणे सुरू झाली.

५/ सेवा खंडित झाली की नागपूरचे विमानतळ गाठणे आले : रस्त्याने सुमारे १७० किमी, तीन-चार तास. बिरसीहून थेट हैदराबादला पोहोचण्यास विमानाला त्याहून कमी वेळ लागतो. म्हणूनच या जिल्ह्यात अंतराचा प्रश्न धावपट्टीपेक्षा वेळापत्रकाचा आहे.