शाळेंतला मदतनिधि आणि त्याचा हिशेब

देशांत कोठेंहि महापूर आला किंवा धरणी हादरली कीं दोन-चार दिवसांत शाळेंत सूचना निघते, वर्गावर्गांतून डबा फिरतो, आणि चादरीचीं चार टोंकें धरून मुलांची मदतफेरी बाजारांतून निघते. ही चाल आतां इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिलाहि कांहीं इतिहास आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय मुलखापुरता तो पाहूं लागलों म्हणजे पहिली गोष्ट नजरेस येते ती ही कीं, येथील मुलें देणारीं होण्यापूर्वीं घेणारीं होतीं.

त्या काळीं हे दोन्ही मिळून एकच चांदा जिल्हा होता. गडचिरोली निराळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. सन १८९६-९७ आणि पुन्हां १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्यप्रांतावर जवळजवळ पाठोपाठ कोसळले. ब्रह्मपुरी-गडचिरोलीकडील धान तलावाच्या पाण्यावर पिकणारें. पाऊस रुसला म्हणजे तलावहि कोरडा आणि कोठीहि रिकामी. मग मोहाचीं फुलें व रानांतलीं कंदमुळें हाच गरिबाचा आधार. १८९७ सालीं पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत हिंडून शेंकडों निराधार मुली आपल्याबरोबर घेऊन गेल्या. १९०० सालीं जयपूरच्या महाराजांनीं पंधरा लाखांचा कायम दुष्काळनिधि उभारला. आणि त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकाच्या आवाहनावरून ‘क्विटो’ नांवाची बोट मका भरून मुंबईस आली. महाराजांची देणगी नांवानिशीं इतिहासांत राहिली. त्या साप्ताहिकाच्या वाचकांनीं धाडलेल्या किरकोळ नाण्यांस नांव नाहीं. शाळेच्या डब्याचें नातें या दुसऱ्या दानाशीं आहे.

लहानांच्या दानाचा सर्वांत बोलका दाखला आम्हांस आढळतो तो मात्र दूरचा आहे. जुलै १९२४ मध्यें मलबारांत प्रचंड पूर आला, आणि गांधींनीं ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ या पत्रांतून मदत मागितली. कोणीं एक वेळचें जेवण सोडलें, मुलांनीं दूध सोडलें, आणि एका मुलीनें तर तीन पैसे चोरून निधींत आणून दिले, असें खुद्द गांधींनींच लिहून ठेवलें आहे. जमा झालेली रक्कम ६,९९४ रुपये १३ आणे व वर थोडी चिल्लर. चोरीच्या पैशाचें पुण्य कोणाच्या पदरीं पडतें, हा प्रश्न शास्त्रीमंडळींनीं सोडवावा! आम्हांस त्या मुलीची अडचण खरी वाटते. तिच्यापाशीं स्वतःचें म्हणून देण्याजोगें कांहींच नव्हतें. दूध सोडणाऱ्या मुलानें आपलें दिलें. आणि ‘प्रत्येकानें उद्यां इतके रुपये आणावे’ असें फर्मान सुटल्यावर जो मुलगा बापाकडून नोट मागून आणतो, तो केवळ निरोप्या होतो. तें दान नव्हे, ती पट्टी होय. त्यांतून आमच्या जंगलपट्टींत रोकड हातीं येते ती बहुधा उन्हाळ्यांत, तेंदूपानाच्या हंगामांत. आणि महापूर येतो पावसाळ्यांत. अशा घरचें पोर पसाभर तांदूळ खुशीनें आणील; परंतु आमच्या पाहण्यांतल्या पावतीपुस्तकांत तांदळाला रकाना नसतो.

रकान्याचा विषय निघालाच आहे, तर बिहारची हकीकत सांगितली पाहिजे. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर राजेंद्रप्रसादांच्या मदतसमितीचा जमाखर्च जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आला. स्वयंसेवकाच्या जेवणखर्चास त्यांनीं दिवसाला तीन आण्यांची मर्यादा घातली. आणि गांधी आपल्या मंडळींसह तेथें आले, तेव्हां त्यांचाहि खर्च निधीवर टाकण्यास साफ नकार दिला. गांधींनींहि तो नकार मानला. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा वर्ध्यास मगनवाडींत राहावयास आले, म्हणजे चांद्याच्या अगदीं शेजारीं. त्यांच्या त्या खतावणीचा धडा जवळच्या शाळांनीं तरी गिरवावा, अशी आमची इच्छा आहे.

पुढें महाराष्ट्रावरच प्रसंग आले. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलें. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपति बोळवून गांवें निजलीं असतां, किल्लारी व आसपासचीं गांवें मातीखालीं गेलीं. किल्लारीनंतर डबा न फिरलेली शाळा महाराष्ट्रांत विरळाच असेल. त्या भूकंपानंतर सुमारें बाराशें मुलांस शिक्षणासाठीं पुण्यास नेण्यांत आलें, तें काम भारतीय जैन संघटनेनें पत्करलें. डब्यांत नाणें टाकणाऱ्या किती मुलांना आपल्याच वयाच्या या बाराशें मुलांची गोष्ट वर्गांत कोणीं सांगितली? शाळेनें रक्कम वर पाठविली, वरून छापील पोंच आली, ती कार्यालयाच्या फायलींत गेली. मुलाच्या लेखीं तें नाणें त्या दिवशींच नाहींसें झालें. आमच्या मतें शाळेंतील निधीचा खरा दोष रकमेच्या अल्पपणांत नसून या मुकेपणांत आहे. सात हजार रुपयांत मलबारचा पूर ओसरला नव्हता. पण कोणीं काय सोडलें, हें तरी छापून आलें होतें.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसेखुर्द धरणाचे तेहेतीसहि दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगेचें पाणी ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, गडचिरोली या बाजूच्या गांवांतून व उभ्या धानांतून पसरलें. आतां घेण्याची पाळी पुन्हां या मुलखाची होती. परंतु महामारीमुळें मार्चपासून राज्यांतील शाळा बंद होत्या. ना सूचना वाचली गेली, ना फेरी निघाली. पैसा पुष्कळ ठिकाणीं मोठ्या माणसांच्या भ्रमणध्वनीवरून परस्पर गेला, आणि वर्ग नव्हता म्हणून डबाहि फिरला नाहीं.