ट्रेलोमधील बोर्ड बंद करणे, हटवणे व परत मिळवणे

ट्रेलोमधील बोर्ड बंद करणे, हटवणे व परत मिळवणे या ट्रेलो या ऑनलाइन प्रकल्प व्यवस्थापन साधनातील परस्परसंबंधित क्रिया आहेत. ट्रेलोमध्ये उघडे बोर्ड एका झटक्यात नष्ट करता येत नाही. ते आधी बंद करावे लागते आणि त्यानंतरच कायमचे हटवता येते. बंद केलेले बोर्ड त्यातील सर्व मजकुरासह पुन्हा उघडता येते; कायमचे हटवलेले बोर्ड मात्र वापरकर्त्याला किंवा कंपनीच्या साहाय्य विभागालाही परत आणता येत नाही. बोलताना या दोन्ही गोष्टींना सर्रास 'डिलीट केले' असे म्हटले जाते व त्यातून बराच गोंधळ होतो.

पार्श्वभूमी

ट्रेलो हे साधन न्यूयॉर्कमधील फॉग क्रीक सॉफ्टवेअर या कंपनीने २०११ मध्ये प्रसिद्ध केले. २०१४ मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली आणि जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅटलासियन या मूळच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने ती ४२.५ कोटी अमेरिकी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. साधनाची मांडणी कानबान पद्धतीवर आधारलेली आहे. 'कानबान' या जपानी शब्दाचा अर्थ पाटी किंवा फलक असा असून टोयोटाच्या कारखान्यांत ही पद्धत विकसित झाली. ट्रेलोमध्ये एका प्रकल्पासाठी एक बोर्ड असते, बोर्डावर शेजारी शेजारी याद्या असतात आणि प्रत्येक यादीत कामांची कार्डे असतात. कार्डामध्ये वर्णन, टिप्पण्या, मुदत, तपासणी-सूची व जोडलेल्या फायली ठेवता येतात. बोर्ड नाहीसे होणे म्हणजे केवळ कामांची यादी जाणे नव्हे. कोणी काय ठरवले, केव्हा व का ठरवले याची नोंदही त्याबरोबर जाते, कारण अनेक संघांत ही चर्चा कार्डावरील टिप्पण्यांशिवाय अन्यत्र कुठेही झालेली नसते.

संग्रहित करणे, बंद करणे व हटवणे

ट्रेलोमध्ये वस्तू दृष्टीआड करण्याच्या दोन पायऱ्या आहेत आणि कार्ड व बोर्ड या दोन्ही पातळ्यांवर त्या सारख्याच आहेत. कार्ड आधी संग्रहित केले जाते. संग्रहित कार्ड बोर्डावर दिसत नाही, परंतु बोर्डाच्या मेनूतील संग्रहित वस्तूंच्या विभागात ते राहते व तेथून परत बोर्डावर पाठवता येते. संग्रहित झाल्यानंतरच कार्ड हटवण्याचा पर्याय समोर येतो. हटवलेल्या कार्डाची बोर्डाच्या घडामोडींत एक त्रोटक नोंद उरते. तीत कार्डाचा क्रमांक व ते कोणी हटवले हे कळते, पण कार्डात काय लिहिले होते हे कळत नाही. संपूर्ण यादीही तिच्यातील कार्डांसह संग्रहित करता येते.

बोर्डाच्या बाबतीत संग्रहित करण्याच्या जागी 'बंद करणे' ही क्रिया आहे. बोर्डाच्या मेनूतील 'क्लोज बोर्ड' हा पर्याय निवडल्यावर बोर्ड कार्यक्षेत्राच्या यादीतून नाहीसे होते. त्यात बदल करता येत नाहीत, पण कार्डे, टिप्पण्या, फायली व सदस्य सर्व काही जसेच्या तसे राहते. बंद बोर्डासाठी कोणतीही कालमर्यादा नाही. ते आपोआप हटवले जात नाही; वर्षानुवर्षे बंद अवस्थेत राहू शकते.

'परमनंटली डिलीट बोर्ड' हा पर्याय बोर्ड बंद झाल्यावरच उपलब्ध होतो आणि पुष्टी केल्यावर क्रिया पूर्ण होते. यानंतर बोर्डाचा दुवा निरुपयोगी होतो व त्यावरील कार्डेही नष्ट होतात.

बोर्ड बंद करण्याचा अधिकार बोर्डाच्या प्रशासकाला असतो. सामान्य सदस्य बोर्ड सोडून जाऊ शकतो, त्याला ते सर्वांसाठी बंद करता येत नाही. मोठ्या संस्थांसाठीच्या सशुल्क योजनांत कोणत्या प्रकारची बोर्डे कोणी हटवावीत यावर कार्यक्षेत्राच्या प्रशासकाला निर्बंध घालता येतात. एकाच बोर्डाला अनेक प्रशासक असू शकतात, आणि येथे दुधारी स्थिती निर्माण होते: प्रशासक अनेक असतील तर चुकून हटवू शकणारे हात वाढतात, एकच असेल आणि तो संस्था सोडून गेला तर बंद बोर्ड पुन्हा उघडणारे कोणी उरत नाही. व्यवहारात दुसरा धोका अधिक वेळा अनुभवास येतो, म्हणून किमान दोन प्रशासक ठेवणे इष्ट मानले जाते.

बंद बोर्ड पुन्हा उघडणे

वापरकर्त्याच्या बोर्डांच्या पानावर तळाशी 'व्ह्यू ऑल क्लोज्ड बोर्ड्स' हा दुवा असतो. तेथील यादीत बंद बोर्डे दिसतात व 'रीओपन' या पर्यायाने ती उघडता येतात. बोर्डाचा जुना दुवा जतन केलेला असेल किंवा एखाद्या ईमेलमध्ये सापडला, तर त्यावरूनही थेट बंद बोर्डापर्यंत पोहोचता येते. पुन्हा उघडलेले बोर्ड पूर्वीच्याच स्थितीत मिळते.

मोफत योजनेत २०१९ मध्ये एका संघाला उघडी बोर्डे १० पर्यंतच ठेवण्याची मर्यादा घालण्यात आली. नव्या प्रकल्पासाठी जागा करण्यासाठी जुने बोर्ड बंद करण्याची सवय अनेक संघांना या मर्यादेमुळे लागली. यासाठी बोर्ड बंद करणे पुरेसे होते. ते कायमचे हटवण्याची आवश्यकता नव्हती.

न दिसणारे बोर्ड

बोर्ड 'डिलीट झाले' अशी ज्यांची समजूत होते, त्यांच्या बाबतीत ते प्रत्यक्षात हटवलेले असतेच असे नाही. एकाच व्यक्तीची कार्यालयीन व खासगी ईमेल पत्त्यांवर दोन वेगळी खाती असणे हे एक नेहमीचे कारण आहे. दुसऱ्या खात्याने प्रवेश केल्यावर पहिल्याची बोर्डे दिसत नाहीत. प्रशासकाने सदस्याला बोर्डावरून काढले असेल, बोर्ड खासगी केले असेल किंवा दुसऱ्या कार्यक्षेत्रात हलवले असेल, तरीही ते नेहमीच्या जागी दिसत नाही. बोर्ड केवळ बंद झाले असण्याचीही शक्यता असते. त्यामुळे शोध घेताना प्रथम खाते, नंतर बंद बोर्डांची यादी, त्यानंतर जुना दुवा आणि शेवटी इतर सदस्यांकडे चौकशी हा क्रम उपयोगी पडतो. दुसऱ्या एखाद्या सदस्याला बोर्ड दिसत असेल, तर प्रश्न हटवण्याचा नसून परवानगीचा आहे हे लगेच स्पष्ट होते.

खाते हटवण्याची बाब याहून वेगळी आहे. अ‍ॅटलासियनचे खाते हटवण्याची विनंती केल्यावर १४ दिवसांचा अवधी मिळतो व त्या काळात विनंती मागे घेता येते. एखाद्या बोर्डाची एकमेव प्रशासक असलेल्या व्यक्तीने त्यापूर्वी दुसऱ्या सदस्याला प्रशासक केले नाही, तर उरलेल्या सदस्यांचा त्या बोर्डावरील ताबा अपुरा राहतो.

प्रत काढून ठेवणे

हटवलेले बोर्ड परत मिळत नसल्याने आधी काढलेली प्रत हाच एक आधार उरतो. बोर्डाचा मजकूर जेसन या स्वरूपात सर्व योजनांमध्ये निर्यात करता येतो. सीएसव्ही स्वरूपाची सोय सशुल्क योजनांत आहे. मात्र जेसन फाईल म्हणजे पूर्ण बोर्ड नव्हे. तीत घडामोडींच्या फक्त अलीकडच्या १००० नोंदी येतात, त्यामुळे जुन्या व गजबजलेल्या बोर्डाचा आरंभीचा इतिहास तीत नसतो. जोडलेल्या फायलींचे केवळ दुवे येतात. मूळ फायली वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात. शिवाय ही फाईल ट्रेलोत परत भरून पूर्वीचे बोर्ड उभे करण्याची सरळ सोय नाही. ती वाचता येते, शोधता येते, आज्ञावली लिहून तिचा उपयोग करता येतो, इतकेच.

बोर्डाची ट्रेलोमध्येच नक्कल करणे हा दुसरा मार्ग आहे. नकलेत याद्या व कार्डे येतात, पण सदस्य, टिप्पण्या व घडामोडींचा इतिहास येत नाही. संघाचे निर्णय टिप्पण्यांत असतील तर ही प्रत त्या दृष्टीने रिकामीच ठरते.

इतर साधनांशी तुलना

टाकलेली वस्तू काही काळ कचरापेटीत ठेवण्याची कल्पना संगणकांत जुनी आहे. अ‍ॅपलच्या लिसा संगणकात ती १९८३ मध्ये होती आणि विंडोज ९५ मधील 'रीसायकल बिन'मुळे ती घरोघरी पोहोचली. प्रकल्प व्यवस्थापनाच्या अनेक साधनांनी हाच मार्ग स्वीकारला. मंडे डॉट कॉम व आसना यांत हटवलेली बोर्डे किंवा प्रकल्प ३० दिवसांपर्यंत परत घेता येतात, तर अ‍ॅटलासियनच्याच जिरामध्ये हटवलेला प्रकल्प ६० दिवस कचरापेटीत राहतो. या साधनांत हटवल्यानंतर मुदत मिळते. ट्रेलोमध्ये ती हटवण्यापूर्वीच्या बंद अवस्थेत आणि अमर्याद मिळते. ट्रेलोची पद्धत विसराळू वापरकर्त्याच्या सोयीची आहे, कारण दोन महिन्यांनी जाग आली तरी बंद बोर्ड जागेवर असते. घाईने दोन्ही पायऱ्या ओलांडणाऱ्याला मात्र तिच्यात कोणतेही संरक्षण नाही.

तांत्रिक बाजू व २०२२ ची घटना

बहुतेक वेब सेवांत हटवण्याचे दोन प्रकार असतात. सौम्य प्रकारात विदागारातील नोंदीवर 'हटवलेली' अशी खूण केली जाते व ती वापरकर्त्यापासून लपवली जाते. कठोर प्रकारात नोंद खरोखर काढली जाते. सेवा पुरवणाऱ्या कंपन्या आपल्या विदागाराच्या नियमित प्रती ठेवतात, परंतु त्या यंत्रणा कोसळल्यास संपूर्ण सेवा उभी करण्यासाठी असतात. ग्राहकाने स्वतः हटवलेली माहिती आणण्यासाठी त्या वापरल्या जात नाहीत, अशी अ‍ॅटलासियनची भूमिका आहे. लाखो ग्राहकांच्या एकत्रित प्रतीतून एकाचेच बोर्ड वेगळे काढणे किती जिकिरीचे असते, हे याच कंपनीत एप्रिल २०२२ मध्ये दिसून आले.

५ एप्रिल २०२२ रोजी एक जुने उपसाधन ग्राहकांच्या संकेतस्थळांवरून काढण्यासाठी कंपनीने आज्ञावली चालवली. दोन गटांतील संवादाच्या त्रुटीमुळे आज्ञावलीला उपसाधनाच्या ओळखक्रमांकांऐवजी संपूर्ण संकेतस्थळांचे ओळखक्रमांक दिले गेले, आणि ती कायमचे हटवण्याच्या प्रकारात चालली. अर्ध्या तासाच्या आत ७७५ ग्राहकांची ८८३ संकेतस्थळे नाहीशी झाली. प्रती उपलब्ध होत्या. तरीही जिरा, कॉन्फ्लुएन्स आदी सेवा वापरणाऱ्या या ग्राहकांपैकी काहींना १४ दिवसांपर्यंत वाट पाहावी लागली व १८ एप्रिलला काम पूर्ण झाले. हटवलेल्या संकेतस्थळांबरोबर ग्राहकांचे संपर्क तपशीलही गेल्याने, मदत मागण्याचा नेहमीचा मार्गच अनेकांना बंद झाला होता. त्यानंतर कंपनीने सर्व यंत्रणांमध्ये सौम्य प्रकार अनिवार्य करण्याचे जाहीर केले.

हटवण्याचा हक्क

कायमचे हटवण्याची सोय मुळात का असावी, याचे उत्तर गोपनीयतेत आहे. बोर्डांवर ग्राहकांची नावे, दूरध्वनी क्रमांक, क्वचित संकेतशब्दही लिहिलेले असतात. युरोपीय संघाच्या सामान्य डेटा संरक्षण नियमनातील १७ वा अनुच्छेद व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क देतो. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही अशी तरतूद आहे. अशी माहिती असलेले बोर्ड केवळ बंद केल्याने ती पुसली जात नाही. बोर्ड पुन्हा उघडता येते याचाच अर्थ माहिती सर्व्हरवर तशीच आहे, असा होतो.