लिनक्सवर मराठी कशी आली, आणि तुमच्या प्रबंधाचा त्याच्याशी काय संबंध

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो: "प्रबंध मराठीत लिहायचाय किंवा माहिती मराठीत गोळा करायचीय, तर लिनक्सवर जमेल का? विंडोजच घ्यावं लागेल का?" जमेल, हे एका शब्दातलं उत्तर झालं. पण ते आज सहज जमतं, यामागे बराच इतिहास आहे. तो माहीत नसला की जुन्या फायली हाताळताना माणूस हमखास अडकतो.

१९९१ हे साल लक्षात ठेवा. आपल्याकडे ते आर्थिक उदारीकरणासाठी शिकवतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं जाहीर केलं. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झालं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र कप्पा होता आणि त्याची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली होती. या तिघांचा एकमेकांशी मेळ बसायला मात्र पुढची दहा-पंधरा वर्षं गेली.

इस्कीमागचा विचार नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावर उभं आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलेलं 'जिस्ट'चं काम मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली चाललं होतं. या परंपरेतला मुद्दा असा, की संगणकात अक्षर साठवायचं ते उच्चाराच्या क्रमाने. ते दिसायचं कसं, हे काम वेगळं ठेवायचं. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण साठवताना आधी 'क' आणि मग वेलांटी. म्हणजे अक्षर वेगळं आणि अक्षराचं चित्र वेगळं.

बाजारात झालं नेमकं उलटं. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात गावोगावी डीटीपीची दुकानं निघाली. लग्नपत्रिकेपासून एम.फिल.च्या प्रबंधापर्यंत सगळं तिथेच टाइप व्हायचं. त्या विंडोजला जोडाक्षरं जुळवता येत नव्हती, म्हणून फॉन्टवाल्यांनी युक्ती केली: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. पडद्यावर मराठी दिसायची, फायलीत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. प्रत्येक कंपनीची खिचडी वेगळी. छापायचंच असेल तर काही बिघडत नव्हतं, आणि त्या काळात सगळ्यांना छापायचंच होतं. त्यामुळे त्यांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही.

लिनक्सवर काम करणाऱ्यांना ही पळवाट नको होती. २००० च्या सुमारास मुंबईत वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी 'इंडलिनक्स' सुरू केलं. भारतीय भाषांत लिनक्स आणायचा हा प्रयत्न स्वयंसेवकांच्या जोरावर चालला. पहिली अडचण अगदी साधी होती: मोकळेपणाने वाटता येईल असा देवनागरी फॉन्टच हाताशी नव्हता.

इथे र. कृ. जोशी यांचं नाव घ्यायलाच हवं. मराठी वाचकांना ते कवी आणि सुलेखनकार म्हणून माहीत आहेत. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट त्यांचाच. पण मुंबईच्या एनसीएसटीमध्ये (पुढे ती संस्था सी-डॅकमध्ये सामील झाली) त्यांनी 'रघू' हाही फॉन्ट केला आणि तो जीपीएल परवान्याखाली खुला झाला. म्हणजे कोणीही वापरा, बदला, वाटा. फक्त बदललेला फॉन्ट वाटलात तर तोही तसाच खुला ठेवा. एकाच माणसाच्या हातची दोन देवनागरी, एक विंडोजच्या पेटीत आणि एक सगळ्यांसाठी. पुढे २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' फॉन्ट दिले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या नावाला साजेसं. २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून ओपन फॉन्ट लायसन्स झाला.

फॉन्ट आले तरी तुकडे जुळवून जोडाक्षर करणारा प्रोग्राम लागतोच. लिनक्सवर सुरुवातीला असे अनेक प्रोग्राम होते. ग्नोमचा पँगो वेगळा, केडीईचा वेगळा, ओपनऑफिसचा वेगळा. एकच शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हेने दिसायचा. हळूहळू हे काम 'हार्फबझ' या एकाच खुल्या लायब्ररीकडे आलं. नाव फारसी आहे. त्यातला 'हर्फ' म्हणजे अक्षर, आपण 'हरफ' म्हणतो तोच. आज फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस आणि तुमचा अँड्रॉइड फोन, सगळीकडे मराठी तीच लायब्ररी जुळवते.

आता खास मराठीची गोष्ट. मलकापूरहून आंबा घाटाकडे निघालं की दऱ्या लागतात, आणि घाट उतरून रत्नागिरीला पोचलं की दर्या लागतो. हिंदीला हा फरक लागत नाही, आपल्याला लागतो. पापणीसारखा हा 'र' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: 'ऱ' या वेगळ्या अक्षराचा पाय मोडून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲ'चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन लिहायचे, आणि अजूनही कित्येक फायलींत तसंच सापडतं.

माझं काम शाहूवाडी तालुक्यातल्या वनस्पतींच्या स्थानिक नावांवर आहे. एका महाविद्यालयातून जुन्या सर्वेक्षणाच्या फायली मिळाल्या, अर्ध्या जुन्या फॉन्टमधल्या, अर्ध्या युनिकोडमधल्या. जुन्या फॉन्टवर आयकॉन्व्ह चालवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही, आणि का नाही हे वरच्या इतिहासातच आहे. आयकॉन्व्ह एन्कोडिंग बदलतं, पण ती फाईल संगणकाच्या दृष्टीने शुद्ध इंग्रजीच असते. तिथे त्या फॉन्टचा अक्षर-तक्ताच लागतो, शिवाय वेलांटी मागे आणि रफार पुढे सरकवावा लागतो. पायथॉनमध्ये हे करता येतं. वेळ खातो तो रफार.

युनिकोडच्या फायलींत वेगळाच घोळ होता. ग्रेपने 'दऱ्या' शोधल्यावर काही नोंदी यायच्या, काही नाही. टाइप करणारी माणसं दोन, म्हणून 'र' दोन. इथे युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन पुरत नाही, ते या दोन रूपांना एक करत नाही. सेडची एक ओळ लिहून सगळीकडे 'ऱ' करून घ्या, दुसऱ्या ओळीत 'ॲ', आणि मगच शब्द मोजायला बसा. कऱ्हाड, गुऱ्हाळ, कुऱ्हाड या शब्दांवर चाचणी घ्या. तुमचा विषय साहित्य असो की शेती, शब्दांची वारंवारिता काढणार असाल तर ही पायरी टाळू नका. मार्गदर्शक ती बहुधा सांगणार नाहीत.

आता प्रबंधाबद्दल. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली आणि त्या प्रती 'शोधगंगा'वर जातात. तिथला जुन्या फॉन्टमधला मराठी प्रबंध डोळ्यांनी वाचता येतो, पण त्यातला एखादा मराठी शब्द शोधला तर सापडत नाही. चार-पाच वर्षांचं काम असं शोधाबाहेर राहतं. म्हणून सुरुवातीपासून इनस्क्रिप्ट शिका, लिब्रेऑफिस किंवा झीलाटेक वापरा, फॉन्ट लोहित किंवा मुक्त घ्या. लाटेक आणि लिनक्स शिकायला आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'चे छोटे धडे आहेत, मराठीतही.

पीडीएफ तयार झाली की टर्मिनलमध्ये पीडीएफफॉन्ट्स ही कमांड चालवून आत कोणते फॉन्ट आहेत ते बघा. मग पीडीएफटूटेक्स्टने मजकूर बाहेर काढा आणि एक पान वाचा. युनिकोड वापरूनही वेलांट्या सरकलेल्या दिसू शकतात, कारण पीडीएफ मुळात चित्रांचे तुकडे साठवते आणि देवनागरीत त्या तुकड्यांवरून अक्षरांकडे परत जाणं अजूनही कच्चं आहे. त्यासाठी मूळ ओडीटी किंवा टेक फाईल, आणि जमल्यास साधी यूटीएफ-८ टेक्स्ट फाईल, सीडीवर पीडीएफच्या शेजारी ठेवा.