हवेची स्प्रिंग आणि मालाचे ओझे : पिकअपच्या मागच्या सस्पेन्शनचा एक इतिहास

पिकअपच्या हौद्यात माल भरला की गाडीची मागची बाजू खाली बसते आणि तोंड वर उचलले जाते. दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो, स्टिअरिंग हलके लागते आणि खड्ड्यात अॅक्सल चॅसिसवर आदळतो. यावर एक उपाय म्हणजे मागच्या पाट्यांच्या जोडीला हवेच्या दोन रबरी पिशव्या बसवणे. त्यांना हेल्पर एअर स्प्रिंग म्हणतात. ही पिशवी कुठून आली, ती मोटारीत का टिकली नाही आणि पिकअपमध्ये का टिकली, हे या पाठात पाहू.

१. मूळ अडचण

पोलादी पाट्याचा ताठपणा ठरलेला असतो. एक सोपे उदाहरण घेऊ. मागच्या एका बाजूच्या पाट्यांचा ताठपणा दर मिलिमीटरला ४० न्यूटन आहे. रिकाम्या गाडीचा त्या बाजूवरचा भार ३००० न्यूटन असेल, तर पाटे ७५ मिलिमीटर दबतील. त्यावर ४०० किलो माल आला, म्हणजे सुमारे ४००० न्यूटन वाढले, तर पाटे आणखी १०० मिलिमीटर दबतील. दबण्याला उरलेली जागा संपली की खड्ड्यात धक्का थेट चॅसिसला बसतो.

पाटे ताठ केले तर भरलेली गाडी सरळ राहते, पण रिकामी गाडी उसळते. पाटे मऊ केले तर रिकामी गाडी सुखाने चालते, पण भरल्यावर बसते. मोटारीत माणसे चढली-उतरली तरी एकूण वजनात फार फरक पडत नाही. मालवाहू गाडीत मात्र मागच्या अॅक्सलवरचा भार दुपटीहून जास्त बदलू शकतो. पुढचा सगळा इतिहास या फरकातून उलगडतो.

२. रबर आणि हवा

हवा कोंडून ठेवायची तर न गळणारी आणि लवचीक पिशवी हवी. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरने गंधक व उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १८४४ मध्ये घेतले. रॉबर्ट थॉमसनचे हवेच्या टायरचे ब्रिटिश पेटंट १८४५ चे. रेल्वेच्या डब्यांसाठी हवेच्या स्प्रिंगचे अमेरिकी पेटंट जॉन लुईसच्या नावावर १८४७ मध्ये नोंदले गेले. म्हणजे टायरची आणि हवेच्या स्प्रिंगची कल्पना जवळपास एकाच वेळी पुढे आली. टायर १८८८ मध्ये डनलॉपच्या हातून पुन्हा जन्मला आणि जगभर पसरला. हवेच्या स्प्रिंगला मात्र आणखी अर्धे शतक थांबावे लागले.

३. बसमध्ये यश, मोटारीत अपयश

१९३० च्या दशकात अमेरिकेतील फायरस्टोन कंपनीने हवेच्या स्प्रिंगवर प्रयोग सुरू केले. १९३५ ते १९३९ या काळात काही मोटारींना त्या बसवून चाचण्या झाल्या. गाडी चांगली चालली, तरी उत्पादन झाले नाही. त्याच काळात स्वस्त पोलादी स्प्रिंगा इतक्या सुधारल्या की कमी पैशात बराचसा आराम मिळू लागला.

बसचा हिशेब वेगळा होता. बस कधी रिकामी धावते, कधी खचाखच. हवेच्या स्प्रिंगची पहिली बस १९४४ मध्ये तपासली गेली. १९५३ मध्ये जनरल मोटर्सची एअर सस्पेन्शनची लांब पल्ल्याची बस रस्त्यावर आली आणि १९५४ मध्ये ग्रेहाउंडची प्रसिद्ध सीनिक्रूझर. एक झडप भार पाहून पिशवीतला दाब कमी-जास्त करते आणि गाडीची उंची तीच ठेवते. उंची कायम ठेवून दाब वाढवला की स्प्रिंगचा ताठपणाही भाराच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे रिकाम्या आणि भरलेल्या बसची झुलण्याची वारंवारिता जवळपास सारखीच राहते. पोलादी पाट्याला हे जमत नाही.

या यशावर विसंबून कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोराडो ब्रोअॅम मोटारीला एअर सस्पेन्शन दिले. पुढच्याच वर्षी शेव्हर्ले, ब्यूक अशा मोटारींनाही ते जादा पैसे मोजून मिळू लागले. गळती, झडपांचे बिघाड, नळ्यांत साचणारा ओलावा यांनी मालक त्रासले आणि कित्येकांनी पिशव्या काढून पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. तंत्र तेच होते. बसच्या आगारात रोज तपासणी होत होती आणि बदलत्या भारामुळे फायदाही मोठा होता. घरच्या मोटारीत दोन्ही गोष्टी नव्हत्या.

हाच धडा आपल्याकडे रेल्वेत दिसतो. मुंबईच्या नव्या लोकल गाड्यांत डबा आणि बोगी यांच्यामध्ये एअर स्प्रिंग असते. दुपारच्या मोकळ्या आणि संध्याकाळच्या तुडुंब भरलेल्या डब्याच्या वजनात मोठे अंतर असते. तरीही डब्याची उंची फलाटाशी जुळलेली राहावी लागते.

४. पिकअप आणि मदतनीस पिशवी

फोर्डने १९१७ मध्ये एक टन मालाची मॉडेल टीटी ही चॅसिस आणली आणि १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच पिकअपचा हौदा बसवून विकायला काढले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पिकअप ही घरची गाडीही झाली. आठवडाभर रिकामी, सुट्टीत मागे ट्रेलर किंवा हौद्यात राहण्याची पेटी. रिकाम्या गाडीच्या आरामासाठी मागचे सस्पेन्शन मऊ होत गेले. शेव्हर्लेने तर १९६० च्या पिकअपमध्ये मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग दिली.

मऊ स्प्रिंग ठेवायची, पण भार आला तेव्हापुरती मदत घ्यायची, हा मधला मार्ग येथे उपयोगी पडला. मिशिगनमधील लान्सिंग येथे १९४९ मध्ये सुरू झालेली एअर लिफ्ट कंपनी कॉइल स्प्रिंगच्या पोकळीत बसणाऱ्या पिशव्या करू लागली. पुढे पाट्यांच्या गाड्यांसाठी चॅसिस आणि अॅक्सल यांच्यामध्ये बसणारी पिशवी आली. येथे पाटे निघत नाहीत. पाटे आणि पिशवी समांतर काम करतात.

आपल्या उदाहरणात पिशवीने २००० न्यूटन भार घेतला तर पाट्यांवर ५००० उरतील आणि मालामुळे येणारी बैठक १०० वरून ५० मिलिमीटरवर येईल. पिशवीचे परिणामी क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर धरले तर लागणारा दाब २.५ बार, म्हणजे सुमारे ३६ पीएसआय. मोटारीच्या टायरइतकीच हवा पुरते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी नवल वाटायला लावते.

५. बसवताना काय पाहावे

साधारणतः रबरी बंप स्टॉप काढून त्या जागी वरचा ब्रॅकेट बसतो. खालचा ब्रॅकेट यू-बोल्टने अॅक्सलला किंवा पाट्यांना आवळतात. पिशवी सरळ उभी असावी आणि फुगल्यावर तिच्या भोवती मोकळी जागा राहावी. सायलेन्सरचा पाइप जवळ असेल तर उष्णतारोधक पत्रा लागतो. ब्रेकची नळी पिशवीला घासता कामा नये. दोन्ही पिशव्यांच्या नळ्या वेगळ्या ठेवणे चांगले. त्या जोडल्या तर वळणावर बाहेरच्या पिशवीतली हवा आतल्या पिशवीत सरकते आणि गाडी जास्त कलते. गळती साबणाच्या पाण्याने तपासतात. गाडी रिकामी असतानाही उत्पादकाने सांगितलेला किमान दाब ठेवावा लागतो, नाहीतर पिशवी दुमडून चिमटते आणि फाटते.

एक बाब बहुतेक जण विसरतात. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारी झडप चॅसिस आणि अॅक्सल यांच्यातल्या अंतरावरून भार ओळखते. पिशवीने गाडी उचलली की झडपेला भरलेली गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. म्हणून ती झडप पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

६. सरळ दिसणारी गाडी

पिशवीने बैठक अर्धी केली, पण टायर, बेअरिंग आणि अॅक्सल यांच्यावरचा भार एका न्यूटननेही कमी झाला नाही. पूर्वी बसलेली गाडी पाहून चालकाला ‘आता पुरे’ हे कळत असे. पिशवीने ती खूण पुसली. शिवाय पाटे आपला भार चॅसिसला दोन टोकांशी देतात, तर पिशवी अॅक्सलच्या वर एकाच ठिकाणी रेटते. अॅक्सलच्या मागे खूप वजन लटकले तर त्या जागी वाकवणारा जोर वाढतो. ऑस्ट्रेलियात पिशव्या बसवून जड कॅराव्हॅन ओढणाऱ्या पिकअपच्या चॅसिस वाकल्याची उदाहरणे आहेत.

आपल्या गावोगावच्या गॅरेजमध्ये हेच काम जादा पाटे घालून केले जाते आणि तिथेही तोच गैरसमज असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ११३ नोंदणीपत्रातल्या एकूण वजनाकडे पाहते, गाडीच्या उंचीकडे नाही. कलम १९४ नुसार जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. उत्पादकाच्या मूळ रचनेतल्या बदलांवर कलम ५२ ची बंधने आहेत. त्यामुळे काही बसवण्यापूर्वी उत्पादक आणि परिवहन कार्यालय यांच्याकडे विचारणा करावी.

हेल्पर स्प्रिंग निवडताना आधी काट्यावर मागच्या अॅक्सलचे वजन करा. ते मर्यादेत असेल आणि तरी गाडी बसत असेल, तर पिशवी योग्य उपाय आहे. ते मर्यादेबाहेर असेल, तर उपाय एकच, माल उतरवणे.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात पिशवीने ३००० न्यूटन भार घ्यावा असे ठरवले, तर दाब किती लागेल? क्षेत्रफळ तेच धरा.
२. एअर स्प्रिंग बसमध्ये टिकली आणि १९५८ च्या मोटारींत टिकली नाही, याची तांत्रिक व आर्थिक कारणे वेगवेगळी मांडा.
३. मालाचे वजन तेच ठेवून तो हौद्यात मागे सरकवला, तर पुढच्या आणि मागच्या अॅक्सलवरचा भार कसा बदलेल? आकृती काढून दाखवा.